मान आक्काची, अंग दुसरीचं

तो फोटोवाला पासलीत आला तेव्हा आक्का गुडघाभर चिखलात उभी राहून भात लावत होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं माहेर वेल्ह्याचं, तिला पासलीला दिलेली. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्या आषाढात मी तिच्याकडे लावणीला मदत म्हणून गेले होते. मदत कसली, मी दहा-अकरा वर्षांची. रोपांच्या मुठी या बांधावरून त्या बांधावर पोचवायच्या, एवढंच माझं काम.

आक्का अंगानं काटक होती. गवताचा भारा डोक्यावर घेऊन चढ चढली तरी तिचा श्वास फुलत नसे; वर पोचून मागून येणाऱ्या गड्यांची वाट बघत उभी राहायची. रंग सावळा, हाडं मजबूत, मनगटं बारीक. पासलीतल्या साऱ्याच बायका कमीअधिक तशा. त्यामुळे तिला कुणी कधी बारीक म्हटलं नव्हतं, अशक्त तर नाहीच नाही.

फोटोवाला पुण्याकडचा होता. एका घोड्यावर पेटी आणि तिवई लादून आला होता. "भात कसं पिकतं ते शहरातल्या लोकांना दाखवायचंय," असं त्यानं दाजींना, म्हणजे आक्काच्या नवऱ्याला सांगितलं. आपल्या शेताचा फोटो निघणार म्हणून दाजी खूश. त्यानं आधी सगळ्यांचा एक फोटो काढला आणि मग आक्काला एकटीला बांधावर उभं केलं.

"बाई, दमल्यासारख्या उभ्या राहा."

सकाळपासून ती वाकलेलीच होती, सोंग आणायची गरज नव्हती. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तसा एक फोटो घेऊन तो म्हणाला, "आता जरा हसा." परक्या माणसासमोर ती कशाची हसते? तेव्हा मी पुढं झाले. त्यानं काळं फडकं डोक्यावर घेतलं होतं, तसं मी पावसासाठी घेतलेलं इरलं डोक्यावरून ओढलं, त्याच्यासारखी वाकले आणि आतून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हसा बाई, हसा." आक्का खळखळून हसली. त्यानं ते टिपलं.

"पदर जरा खाली घ्या आता."

आक्कानं पदर उलट आणखी घट्ट खोचला. "हाय ह्यो बरा हाय," म्हणाली आणि पुन्हा चिखलात उतरली. फोटोची एक प्रत पाठवतो म्हणून तो सांगून गेला. ती काही आली नाही.

त्याच वर्षी गणपती झाल्यावर मामानं मला शिकायला भोरला नेलं. संस्थानचं गाव, मोठी पेठ, मुलींची शाळा. माझ्या बोलण्यातलं 'म्या' आणि 'न्हाई' ऐकून वर्गातल्या मुली तोंडावर हात ठेवायच्या. मी महिनाभरात बोलणं बदललं. दोन मैत्रिणीही झाल्या, दोघी कचेरीतल्या कारकुनांच्या मुली. त्यांच्याबरोबर शाळेतून परत येताना आम्ही पेठेतल्या औषधांच्या दुकानाशी थांबायचो, कारण तिथं रंगीत चित्रं लावलेली असत.

पौषात तिथं नवं कॅलेंडर लागलं. बायकांच्या कसल्याशा शक्तीच्या औषधाचं. डावीकडे एक बाई, उजवीकडे एक बाई. डावीकडची कमरेवर हात ठेवून उभी, अंगावर चिखल. तिचे गाल कुंचल्यानं काळे करून खोल दाखवले होते, गळ्याची हाडं रेघा ओढून वर काढली होती. खाली छापलं होतं: 'अशक्त, निस्तेज, संसारास निरुपयोगी.' उजवीकडची गोरी गुलाबी, दंड भरलेले, छाती भरलेली, पदर खांद्यावरून घसरून कोपरापाशी आलेला, हातात बाटली, आणि ती खळखळून हसत होती. तिच्याखाली होतं: 'तीच स्त्री, तीन महिन्यांनंतर.'

दोन्ही तोंडं आक्काची होती.

मी बघत राहिले. एवढ्यात मैत्रीण म्हणाली, "ही डावीकडची बघ गं, बुजगावणंच!" दुसरी म्हणाली, "हिच्याकडे नवरा तरी बघत असेल का?" दोघी हसल्या. आणि मी हसले.

मला कुणी दरडावलं नव्हतं. 'ही माझी बहीण आहे' एवढे चार शब्द होते. ते मी बोलले नाही. घरी जाताना त्या दोघी मागं राहिल्या तेव्हा मी फ्रॉकच्या बाहीतून माझा दंड चाचपून पाहिला. तो डावीकडच्या बाईचा दंड होता. त्या क्षणापर्यंत आपल्याला दंड आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. हात होते, त्यांनी मुठी उचलायच्या, झाडावर चढायचं. त्या दिवसापासून मी माझ्या अंगाकडे बाहेरून बघायला लागले, आणि त्या माणसांनी माझं हे जे केलं, त्याचा मला आज साठी उलटली तरी राग येतो.

कॅलेंडर भोरात राहिलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण ती फुकट वाटायची वस्तू होती. वेल्ह्याच्या बाजारात एका दुकानात ते लागलं आणि तिथं दाजींनी पाहिलं. एकट्यानं पाहिलं असतं तरी चाललं असतं, पण सोबत गावचे चौघे होते. एकानं विचारलं, "वैनींनी ही बाटली कवा घेतली रं? आन् पदर कुणाम्होरं पाडला?"

दाजींनी ते कॅलेंडर मागून घेतलं, गुंडाळून घरी नेलं आणि आक्कापुढं टाकलं. हे सगळं आक्कानं मला नंतर सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं चित्र पाहिलं, आणि पहिल्यांदा तिला ते समजलंच नाही. मग म्हणाली, "त्वांड माजं हाय. पर हे आंग माजं न्हाई."

"मंग कुनाचं हाय?"

"मला काय ठावं? म्या कवा गेले पासली सोडून? तुमी व्हता की तितं, तुमच्याच म्होरं काढला त्यो फोटू."

"त्यो हाय ह्यो डावा. ह्यो उजवा कवा काढला?"

छापलेल्या कागदापुढं तिचं बोलणं टिकेना. सासूनं कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि डावीकडच्या ओळीतला एक शब्द उचलला. निरुपयोगी. चार वर्षांत पाळणा हलला नाही, ते आता छापूनच आलंय म्हणाली. म्हणजे एकाच कागदानं माझ्या बहिणीला दोन शिव्या दिल्या होत्या, आणि त्या एकमेकींत बसतही नव्हत्या. डावीकडची वाळकी म्हणून टाकाऊ, उजवीकडची भरलेली म्हणून बदचालीची. त्या दोघींच्या मधे जी खरी आक्का होती, पहाटे उठून दळण दळणारी, ती कुणाला दिसेना. पंधरा दिवसांत तिला वेल्ह्याला आणून सोडलं.

आमचे वडील भांडणारे नव्हते. पण आक्कानंच हट्ट धरला. "हे कागद भोरातल्या ज्या दुकानातनं आले तितं चला. त्यास्नी बी घिऊन चला." म्हणून फाल्गुनात वडील, दाजी आणि आक्का असे तिघे चालत भोरला मामाकडे आले, आणि मी त्यांना दुकान दाखवायला पुढं झाले.

आक्का सरळ पायरी चढून कॅलेंडरशेजारी उभी राहिली. दुकानदाराला म्हणाली, "बगा माज्याकडं. ह्यातली म्या कुटली?"

दुकानदारानं एकदा तिच्याकडे, एकदा चित्राकडे पाहिलं. ओळखलं त्यानं, त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण म्हणाला, "बाई, कंपनी पाठवते, मी खिळ्याला लावतो. माझा काय संबंध?"

"ही बाटली म्या कवा तुमच्याकडनं नेली?"

"मी कुठं म्हणतो नेली म्हणून? जाहिरात आहे ती. जाहिरातीत असंच असतं."

"आसंच आसतं म्हंजी? माजी मान कापून दुसरीच्या आंगावर ठिवायची, आसंच?"

रस्त्यावर माणसं थांबली. दाजी खाली मान घालून, चार पावलं लांब. तेवढ्यात शेजारच्या दुकानातून चाचा बाहेर आले. ते बांगड्या भरणारे मुसलमान म्हातारे. अख्ख्या तालुक्यातल्या बायका त्यांना चाचा म्हणत, आणि आमच्या घरच्या सगळ्या लग्नांचा चुडा त्यांनीच भरलेला. त्यांनी चष्मा सावरून कॅलेंडर जवळून पाहिलं आणि दाजींना हाक मारली.

"पाव्हनं, हिकडं या. ह्या चितारलेल्या हातातल्या बांगड्या बघा. अडीचच्या खाली न्हाईत. तुमच्या बायकोला म्या लग्नात सव्वादोनच्या भरल्यात, आन् सक्रांतीला बी सव्वादोनच्याच. चाळीस वर्सं बायकांचे हात हातात घेतोय. ह्यो हात ह्या पोरीचा न्हाई. अल्लाची शपथ घिऊ का?"

दाजींनी आक्काच्या मनगटाकडे पाहिलं, मग चित्रातल्या हाताकडे. मग म्हणाले, "न्हाई, शपथ नगं. पटलं."

चाचांचे आमच्यावर उपकार आहेत, हे मी कधी विसरणार नाही. तरी सांगते, त्या 'पटलं' शब्दानं माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. बायको पहिल्या दिवसापासून रडून सांगत होती, हे अंग माझं नाही. तिचं अंग तिला ठाऊक नसेल तर कुणाला? तिचं ऐकलं नाही. एका पुरुषानं बांगडीचं माप सांगितलं तेव्हा पटलं.

आक्काही ते समजली. ती पायरीवरून उतरली आणि दाजींकडे न बघता मामाच्या घराकडे चालू लागली. दाजी मागून म्हणाले, "चल की मंग घरी." ती म्हणाली, "म्या न्हाई येत." दाजी एकटेच परतले.

त्या दुपारी मी तिला माझं सांगितलं. मी पण हसले होते, ते. तिनं फक्त विचारलं, "कवा?" मी म्हटलं, पौषात. ती म्हणाली, "मंग तवाच का न्हाई सांगितलंस गं? वेल्ह्यात कागद यायच्या आदी आमास्नी कळलं आसतं."

माझ्या हातून काहीतरी व्हायला हवं म्हणून मी कंपनीला पत्र लिहिलं. पत्ता कॅलेंडरवरच होता. शाळेत शिकवलेल्या नमुन्याप्रमाणं 'महाशय' घालून सुरुवात केली. माझ्या बहिणीला न विचारता तिचं तोंड वापरलं, तिला अशक्त म्हटलं, ती अशक्त नाही, पदर तिनं पाडला नव्हता, तिला घरातून काढलं होतं, तरी चित्र बंद करावं. शेवटची ओळ मी दोनदा गिरवली.

वैशाखात उत्तर आलं. सोबत लाकडी खोक्यात पेंढा भरून त्यात एक बाटली. पत्रात होतं, की आपल्या भगिनीच्या अशक्तपणाबद्दल वाचून वाईट वाटलं, नमुन्याची बाटली विनामूल्य पाठवत आहोत, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे घ्यावे. बाटलीवरच्या कागदावर आक्का हसत होती.

आक्का तेव्हा वेल्ह्याला होती. मी निरोप पाठवून विचारलं, काय करू. तिचा उलट निरोप आला, नीरा नदीत टाक. मी नीरेत टाकली, असं कळवलं.

लावणीच्या तोंडावर पासलीहून आक्काला न्यायला माणूस आला. एक हात कमी पडत होता. त्या वेळी ना सासूला तिचा अशक्तपणा आठवला, ना कुणाला पदर. आक्कानं अट घातली, की गावात जेवढ्या घरांत ते कॅलेंडर असेल तेवढी दाजींनी स्वतः जाऊन उतरवायची. दाजींनी सहा उतरवली. सातव्या घरानं दिलं नाही, आम्हाला तारखा बघायला लागतात म्हणाले. आक्का गेली, कारण तिला दुसरीकडे जायला जागा नव्हती. पुढं तिला तीन मुलं झाली. कसलीही बाटली न घेता, त्याच अंगानं. कुणी त्याचं चित्र छापलं नाही.

मी ती बाटली नीरेत टाकली नव्हती. मामाच्या माळ्यावर लपवली आणि रोज सकाळी घरात कुणी नसताना दोन चमचे प्याले. कडू, आणि घशाला जाळत जाणारं काहीतरी होतं ते. पिऊन झालं की आरशासमोर उभी राहून दंड बघायची. पत्र लिहिणारी मीच आणि पिणारीही मीच. बाटली संपली, दंड तसेच राहिले, तेव्हा मला राग त्या कंपनीचा नाही आला, माझ्या दंडांचा आला. एवढं आत ते शिरलं होतं.

मी मास्तरीण झाल्यावर एका सुट्टीत पासलीला गेले आणि आक्काला हे सांगून टाकलं. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी ती उडवून लावेल. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"ज्यानं माजी मान कापली त्याच्या हातचं प्यालीस व्हय तू?"

एवढंच म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली. दुपारी तिनं मला पोटभर जेवू घातलं, भाकरीवर भाकरी वाढली, पण त्या दिवसभरात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.