साहेबापुढे माझे हात

नोटाबंदीच्या आदल्या वर्षी मी तलासरीत लोकांचे दात काढत होते आणि माझी स्वतःची बोटं सकाळचा तासभर माझं ऐकत नव्हती. संधिवात. दातांच्या डॉक्टरची बोटं गेली की उरते फक्त दारावरची पाटी. डहाणूच्या घरात कमावती मी एकटी, आई माझ्या भरवशावर. म्हणून मला अपंगत्वाचा विमा हवा होता, आणि हवाच होता. दोन कंपन्यांनी संधिवाताचं नाव ऐकून दुरूनच नमस्कार केला होता. तिसरी म्हणाली, आमचा माणूस चौकशीला येईल, मग बघू.

भीती वाटली की मला रडू येत नाही, हसू येतं. ही आमच्या घराण्याची खोडच आहे. त्या दिवशी तर सकाळपासून नुसत्या उकळ्या फुटत होत्या. चौकशीचे साहेब आले तेव्हा मी आत एका ट्रक ड्रायव्हरची दाढ उपटत होते. अच्छाडच्या नाक्यावर गाडी लावून तो बिचारा गाल धरून आला होता. मधलं दार उघडंच होतं, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

बाहेर मावशी होती, माझी मदतनीस. विमा म्हणजे सरकारी योजना, अशी तिची पक्की समजूत. तिचा दीर जन्माचा लंगडा, पण अपंगांच्या दाखल्याच्या शिबिरात साहेबांपुढे लाजेनं तो जमेल तितका ताठ चालून गेला. टक्के कमी भरले आणि दाखला हुकला. तेव्हापासून त्यांच्या पाड्यावर एकच शिकवण: साहेब दिसला की दुखणं दुप्पट सांगायचं. बाकावरच्या पेशंटांना तिनं सकाळीच पढवून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कुठे माहीत!

"बायचे हात? हात कुठले साहेब, लाकडं हायेत ती."

"चहाचा कप पण धरवत नाय," बाकावरची एक बाई म्हणाली.

"जेवण मीच भरवते," मावशीनं ठोकून दिलं.

भरवणं राहू दे, माझ्या डब्यातली भाजी रोज अर्धी तीच खायची. मी पक्कड दाढेला लावून, ओठ दाताखाली धरून उभी. हसले तर हात हलणार, हात हलला तर ड्रायव्हर बोंबलणार, आणि तो बोंबलला की विमा गेलाच.

"डोळ्यांनी पण दिसत नाय तिला," एका आजोबांनी कळस चढवला.

"आजोबा, तुम्ही कुठून आलात?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

"गंजाडवरून."

"गंजाडहून डहाणू जवळ. तिथं दातांचे डॉक्टर कमी आहेत का? मग ह्या आंधळ्या, लाकडी हातांच्या बाईंकडे इतक्या लांब कशाला आलात?"

हा प्रश्न मावशीनं पढवलाच नव्हता.

"हिच्या हातानं दुखत नाय," आजोबा म्हणाले.

तेवढ्यात दाढ सुटली. "हो गया?" ड्रायव्हरनं विचारलं, आणि मी अशी हसत सुटले की शेवटी त्यानंच मला पाण्याचा ग्लास दिला.

मग मी साहेबांना खरं ते सगळं सांगितलं: कोणती बोटं आखडतात, कोणत्या गोळ्या चालू आहेत, सकाळी किती वेळ वाया जातो. ते गालातल्या गालात हसत गेले. महिन्याभरानं विमा मंजूर झाला. हप्ता सणसणीत होता, पण पॉलिसीतून हात वगळलेले नव्हते. ती ओळ मी उभ्याउभ्या पुन्हा पुन्हा वाचली आणि दवाखान्यात चक्क गिरकी घेतली.

मावशीनं बाजारभर पेढे वाटले. "बायला मिळाला! अपंगाचा! आम्ही बोललो म्हणून!" दिराचं हुकलं ते माझं साधलं, ह्या आनंदात ती इतकी होती की तिला खरं समजावून सांगायचा मला धीरच झाला नाही.

त्या संध्याकाळी डहाणूच्या एसटीत चढले तर दवाखान्यातल्या बाकावरची तीच बाई अपंगांसाठी राखीव जागेवरून ताडकन उठली.

"बस बाय. आता तुझीच हाय ही."

अख्खी गाडी वळून बघायला लागली. मी नको नको म्हणत हसत होते, कंडक्टरही हसायला लागला. पण ती काही ऐकेना, तेव्हा बसले. हात मांडीवर ठेवले. दिवसभर पक्कड धरून बोटं ठणकत होती, आणि ती जागा मला फार बरी वाटली.