हुसेनचाचांची टिटवी

कुणी कॉम्प्युटरचा पासवर्ड टाकायला लागलं की हुसेनचाचा उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि दोन्ही कानांत बोटं घालत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. साठी उलटलेला माणूस, डोक्यावर जाळीची टोपी, आणि शिक्षा झालेल्या पोरासारखा कोपऱ्यात उभा! "चाचा, तोंड फिरवलंत ते समजलं, कान कशाला?" मी विचारलं. म्हणाले, "बोटं बोलत्यात बाई. मघाशी कान उघडं ऱ्हायलं माझं. सहा अक्षरं, मंग जरा थांबून चार आकडं. लेकाचं नाव आन जन्माचं साल न्हाई ना टाकलं?" अगदी तेच टाकलं होतं. माझं हसू तिथल्या तिथे थांबलं.

चाचांचं जुन्नरला बाजारामागच्या गल्लीत किल्ल्या बनवायचं दुकान होतं, वर राहतं घर. आजोबांपासून धंदा कुलपांचा. पुढे लोक दुकानातली आयती कुलपं आणायला लागले, तेव्हा चाचांनी भंगारातले कॉम्प्युटर आणून खोलले, फोनवर हिंदीतले धडे पाहून वायरी आणि नेट समजून घेतलं. मी घोडेगावला महिला सल्ला केंद्रात नोंदी ठेवते. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायका आमच्याकडे येतात. चाचा आले होते आमच्या कपाटाचं कुलूप दुरुस्त करायला. काम झाल्यावर त्यांनी टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. "कपाटात रद्दी हाय, तिला येवढं दांडगं कुलूप. बायांची सगळी गाऱ्हाणी ह्याच्यात, आन ह्याला काय लावलंय?"

त्या दिवसापासून ते दर पंधरवड्याला एसटीने यायचे. मानधन विचारलं की म्हणायचे, "चहात साखर वाईच जास्त घाला." माझा पासवर्ड त्यांनी बदलायला लावला, तोही त्यांच्या पद्धतीने. "लेकाचं नाव तुमी गावभर हाक मारून सांगता, ते कुलपाला घालायचं न्हाई. आईची एखादी ओवी आठवा. दळताना म्हणायची ती, कुठं छापलेली न्हाई अशी. तिच्या शब्दांची पयली अक्षरं घ्या. मला सांगू नका." आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता रोज सकाळी काम सुरू करताना तिची ओवी मनात म्हणावी लागते. चाचांचे हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, याचं वाईट वाटतं.

मग त्यांनी टिटवी आणली. साबणाच्या डबीएवढी पत्र्याची पेटी, स्वतः जोडलेली. कॉम्प्युटर आणि नेटची वायर यांच्या मधोमध ती बसवली. आमचा कॉम्प्युटर नेटवरून रोज कुठे कुठे बोलतो ती ठिकाणं चाचांनी तिला शिकवली होती. त्याखेरीज तो कुठे बोलायला लागला, की पेटीवर लाल दिवा लागायचा आणि भोंगा टिटवीसारखा किंचाळायचा. "चोर आत शिरला तर त्याला हितनं काढता येत न्हाई हिला," चाचा म्हणाले. "पन घरट्याजवळ कोन आलं की टिटवी गप बसत न्हाई. येवढंच काम तिचं."

आमच्याकडे टिटवी ओरडली की माणसं दचकून 'कुणाच्या घरावरून गेली' ते विचारतात. दोनदा ती उगाच ओरडली, नवा प्रिंटर बसवला म्हणून. नेमकी एक घाबरलेली बाई समोर बसून बोलत होती, ती पदर सावरत उठूनच गेली. मी चाचांच्या मागे लागले, हा अपशकुनी आवाज तेवढा काढा. चाचांना पटत नव्हतं. तरी माझ्या हट्टापुढे त्यांनी भोंग्याची तार कापली. दिवा तेवढा राहिला.

त्याच सुमारास लता आली. खरं नाव वेगळं. तिचा नवरा पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. "पाताळात गेलीस तरी हुडकून काढीन," असं त्याने तिला सांगितलं होतं, आणि त्याआधी दोनदा हुडकून काढलंही होतं. एकदा तिच्या फोनवरून, एकदा तिच्या बहिणीच्या. आमच्याकडच्या बाकी बायका उघडपणे माहेरी राहत, लपून राहणारी लता एकटीच. मी तिला कुठे ठेवलं ते आजही लिहिणार नाही. पेठ समजा, पारगाव समजा, काहीही समजा.

तिची नोंद करताना पत्त्याचा रकाना मी मोकळा सोडला. चाचा म्हणाले, "मोकळा न्हाई ठेवायचा. मोकळी तिजोरी दिसली की चोर घर खणतो. काहीतरी गावलं की जातो निघून. माझा पत्ता घाला."

"तुमचा? आणि तो खरंच आला तर?"

"आला तर कळंल ना, त्यो आत शिरलाय म्हनून. दुसरं कसं कळायचं? आन टिटवी हायच की. दिवा लागला की तुमी फोन करा, मी दुकानाला टाळं लावून पोलिसात जाऊन बसतो."

मी पत्ता घातला. माझ्या हातांनीच घातला.

खंडेनवमीला आम्ही केंद्रात यंत्रांची पूजा करतो. पूजेच्या यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नाही, पण ते बंदही ठेवायचं नाही, चालतं यंत्र पुजायचं, असा माझा शिरस्ता. कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, प्रिंटरला वाहिलं. टिटवीही आमच्यातलीच, तिला कशाला वगळा, म्हणून झेंडूचा एक भरगच्च हार तिला घातला. पेटी एवढीशी, हारात पार बुडून गेली. कशी गोड दिसतेय म्हणून मी फोटोसुद्धा काढला. पेढे वाटले, कुलूप लावलं आणि आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. जुन्नरला चाचांच्या दुकानात दरवर्षी सगळी गल्ली सोनं द्यायला येते. चाची बशीत खजूर काढून ठेवतात. दुपारी एक अनोळखी माणूस आपट्याची पानं हातात घेऊन आला. दसऱ्याला दारात आलेल्याला कोण कुठला म्हणून विचारत नाहीत. चाचांनी सोनं घेतलं, गळाभेट घेतली, स्टूल पुढे केलं. खजूर तोंडात टाकत तो म्हणाला, "लता इथंच राहते ना?"

पुढचं मला चाचींनी सांगितलं. चाचा जराही गडबडले नाहीत. "ऱ्हाती की," म्हणाले. "बाजारात गेलीया, येईल. बसा पावणं, च्या घ्या." मग आत वळून चाचींना म्हणाले, "दूध संपलंय, घेऊन ये." दूध पातेलंभर होतं. चाची समजल्या आणि मागच्या दाराने पोलीस चौकीकडे धावल्या. सणाचा दिवस, चौकीत एकच शिपाई, तो मिरवणुकीच्या बंदोबस्ताच्या तयारीत. तोवर अर्धा तास चाचांनी त्या माणसाला गप्पांत बसवून ठेवलं. पाऊस कसा झाला, पुण्यात भाडी किती. आणि चहा काही येईना, तेव्हा त्याला कळलं. शिपाई पोचला तेव्हा तो चाचांच्याच हातोडीने चाचांच्या उजव्या हातावर घाव घालत होता आणि एकच प्रश्न विचारत होता. चाचांना खरा पत्ता ठाऊकच नव्हता. तो फक्त मला ठाऊक होता.

संध्याकाळी चाचींचा फोन आला. मी जुन्नरला निघाले, पण वाटेत आधी केंद्र उघडलं. टिटवीवरचा हार उचलला. खाली लाल दिवा जळत होता.

चाचांनी नंतर टिटवीच्या पोटातली नोंद पाहिली. खंडेनवमीच्या दिवशीच, आमचे पेढे चालू होते तेव्हा, कुणाचा हात नसलेला कॉम्प्युटर आपला आपण बाहेर बोलायला लागला होता. काही दिवसांपूर्वी अनोळखी नंबरवरून आलेली लग्नपत्रिका मी त्याच्यावर उघडली होती. आमंत्रण कुणाचं का असेना, न बघता टाकून देणं आपल्यात बसत नाही. त्यातून लताचा नवरा आत शिरून दबा धरून बसला होता. मी टिटवीपासून दोन हातांवर उभी होते. भोंगा असता तर ऐकलं असतं, हार नसता तर दिसलं असतं.

दवाखान्यात मी चाचांच्या पायाशी बसून रडले. ते म्हणाले, "हाराचं काय घेऊन बसला बाई. तुमी मायेनं घातला. चूक माझी हाय. गिऱ्हाईक म्हनलं म्हनून कारागिरानं कुलपाचा खटका काढून द्यायचा नसतो." आणि मग हळूच विचारलं, "पोरगी बरी हाय ना?"

लता बरी होती. आजही आहे.

प्लॅस्टर निघाल्यावर चाचा पहिलं काम कोणतं करायला आले, तर डाव्या हाताने भोंग्याची तार परत जोडायला. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती, त्या हाताने त्यांनी पुन्हा किल्ली घासली नाही. उन्हाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी गेले तेव्हा दुकानाच्या फळीवर सगळ्या किल्ल्या नंबरवार टांगलेल्या होत्या.

त्यानंतर मी लताची नोंद उघडली. तिथे अजून चाचांचाच पत्ता होता, आणि त्या घरात आता चाची एकट्या. लताचा नवरा जामिनावर सुटल्याचं कळलं होतं. पत्ता पुसला. रकाना मोकळा ठेवायचा नाही, हे चाचांचं सांगणं. दुसऱ्या कुणाचा घालणार? माझ्या घराचा पत्ता घातला.

परवा दुपारी टिटवी ओरडली. समोर बसलेली बाई दचकून उठायला लागली, तिला मी हात धरून बसवलं. नेटची वायर उपटली, पोलिसांना फोन लावला. मग घरी फोन करून मुलाला सांगितलं, शेजारी जाऊन बस, आणि कोणीही आलं, अगदी हसतमुखाने आलं, तरी आपलं दार उघडू नकोस.