महादेवरावांना चहा नको होता

"चहा," महादेवराव म्हणाले, आणि बायकोने पुढे केलेला कप त्यांनी डाव्या हाताने असा झटकला की निम्मा चहा चादरीवर आणि निम्मा माझ्या फाइलवर सांडला.

कमलाबाईंनी पदरानेच फाइल पुसली. "पहा ना मॅडम," त्या म्हणाल्या, "सोताच मांगतात अन् सोताच फेकून देतात. कालही असंच केलं."

"चहा, चहा, चहा," महादेवराव पुन्हा म्हणाले. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती. डाव्या हाताने ते कमलाबाईंच्या पर्सकडे बोट दाखवत होते. वॉर्डची सिस्टर दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात बँडेजचा रोल होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी सलाइनची सुई उपटून काढली होती, म्हणून रात्रभर त्यांचा डावा हात पलंगाच्या दांडीला बांधून ठेवावा लागला होता. आज पुन्हा तीच वेळ आलेली दिसत होती.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. घर अमरावतीला, नोकरी अकोल्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात. स्पीच थेरपिस्ट म्हटलं की लोकांना तोतरी मुलं आठवतात. माझे निम्म्याहून जास्त पेशंट मात्र लकव्याचे असतात. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला की उजवं अंग लुळं पडतं, आणि बऱ्याचदा भाषाही जाते. त्याला आम्ही अफेजिया म्हणतो. अफेजिया म्हणजे वेड लागणं नाही. माणसाला सगळं कळत असतं, काय सांगायचं तेही ठाऊक असतं, पण तोंडातून नेमका शब्द येत नाही. काहींकडे एकच शब्द उरतो. काहीही सांगायचं असलं तरी तोच बाहेर पडतो. माझ्या पेशंटपैकी एक आजी प्रत्येक गोष्टीला "उद्या" म्हणायच्या. महादेवरावांकडे "चहा" उरला होता.

ते हिवरखेडचे. गावात त्यांची पिठाची गिरणी. एका सकाळी गिरणीचा पट्टा चढवताना उजवा हात गळून पडला आणि तोंड वाकडं झालं. शेजाऱ्यांनी गाडीत घालून अकोल्याला आणलं. मुलगा प्रवीण पुण्याला एका कंपनीत सुपरवायझर आहे. तो रात्रीच्या गाडीने निघून दुसऱ्या दिवशी पोचला. आयसीयूतून वॉर्डात आणल्यावर महादेवरावांना माझ्याकडे सोपवलं गेलं.

दिवसा ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे वागत. मी दाखवलेल्या चित्रावर बोट ठेवत, घोट नीट गिळत, माझं बोलणं ऐकून मान डोलवत. संध्याकाळ झाली की मात्र बिनसायचं. उठून बसायचे, पर्सकडे हात करायचे, "चहा चहा" करायचे, आणि चहा दिला की तो उडवून लावायचे. डॉक्टरांनी आज सांगून ठेवलं होतं की पुन्हा असं झालं तर झोपेचं इंजेक्शन द्या. डोकं तापलं की बीपी चढतं, आणि ते त्यांना परवडणारं नव्हतं. डॉक्टरांचं चूक नव्हतं.

मी सिस्टरला थोडं थांबायला सांगितलं आणि कमलाबाईंना विचारलं, पर्समध्ये काय आहे?

पर्समध्ये महादेवरावांचा फोन होता. बंद करून ठेवलेला. पहिल्याच दिवशी गावातून इतके फोन यायला लागले की प्रवीणने पुण्याहूनच सांगून तो बंद करवला. महादेवरावांनी मागे लागून एकदा चालू करायला लावला, तर फोनने पिन मागितला. एरवी तो अंगठा लावला की उघडायचा. पण फोन एकदा बंद करून पुन्हा चालू केला की पहिल्यांदा पिनच लागतो, अंगठा चालत नाही. चार आकडे. ते घरात कोणालाच माहीत नव्हते. महादेवरावांनी डाव्या हाताने दाबून पाहिले, चुकले. मग प्रवीणने आपला जन्मदिवस टाकून पाहिला, आईबाबांच्या लग्नाचं साल टाकलं, गिरणीच्या मीटरचा नंबर टाकला. सगळं चुकलं. अशा चुका झाल्या की फोन काही वेळ कुलूप लावून बसतो, आणि दर वेळी ती वेळ वाढवत नेतो. शेवटी फोन पुन्हा पर्समध्ये गेला होता.

मी फोन चालू केला आणि महादेवरावांच्या हातात देणार, एवढ्यात प्रवीण आला. त्याने फोन माझ्या हातातूनच घेतला.

त्याचं म्हणणं असं होतं की रजा संपली, उद्या त्याला निघावं लागणार. आईचा साधा फोन कधीच बिघडलाय. तेव्हा हा फोन दुकानात नेऊन फॉरमॅट करून आणायचा आणि आईकडे द्यायचा, म्हणजे व्हिडिओ कॉलवर बाबांना पाहता येईल. मोबाइलवाल्याशी त्याचं बोलणं झालं होतं. दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं होतं.

"फॉरमॅट केलं तर आतलं सगळं जाईल," मी म्हणाले.

"जाऊ दे मॅडम. काही फोटो असतील, भजनं असतील. बाबांना पिन आठवत नाही, मग ते असून तरी काय उपयोग?"

महादेवरावांना हे कळत होतं. फॉरमॅट हा शब्द त्यांना ठाऊक असो नसो, मुलगा फोन घेऊन चाललाय एवढं नक्की कळलं होतं. त्यांनी पलंगावरून अर्धं अंग बाहेर टाकून प्रवीणचं मनगट धरलं. लुळी बाजू सरकली आणि ते पडणारच होते. सिस्टरने आणि मी मिळून त्यांना सावरलं. मॉनिटरवरचा बीपीचा आकडा पाहून सिस्टर इंजेक्शन भरायला वळली.

"प्रवीण," कमलाबाई म्हणाल्या, "काहून छळून राहिला त्याह्यले? दे ना फोन." एवढं बोलतानाही त्यांना धाप लागली. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सकाळी जिना चढतानाही असंच झालं होतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा आम्ही सगळे पेशंटकडे बघत होतो. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

मी प्रवीणला म्हटलं, एक संधी द्या. एकदाच. चुकलं तर घेऊन जा, मी मधे येणार नाही. सिस्टरकडेही तेवढा वेळ मागून घेतला. प्रवीण रागाने घड्याळ बघत उभा राहिला, पण त्याने फोन दिला.

महादेवरावांनी फोन मांडीवर घेतला. डाव्या हाताची तर्जनी आकड्यांवर आणली. पहिला आकडा दाबला. मग बोट घुटमळलं. डावीकडे गेलं, मधे आलं, पुन्हा डावीकडे. त्यांना काहीतरी शोधायचं होतं आणि ते सापडत नव्हतं. शेवटी वैतागून ते मधल्याच एका आकड्यावर बोट टेकवणार होते. त्याआधीच मी त्यांचा हात धरला.

पिन विसरलेला माणूस आठवायला वर बघतो, डोळे मिटतो. हे तसं काही करत नव्हते. ते शोधत होते. आणि शोधणारं ते बोट उजवीकडच्या रांगेकडे, म्हणजे तीन, सहा, नऊ असतात तिकडे, एकदाही गेलं नव्हतं.

त्यांच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं की उजव्या बाजूची नजर कमी. लकव्यात कधीकधी असं होतं. डोळे चांगले असतात, पण मेंदूला उजवीकडचं दिसत नाही. असा माणूस ताटातली उजवीकडची भाजी तशीच ठेवतो आणि भाजी वाढलीच नाही म्हणून रागावतो. आपल्याला दिसत नाही हेही त्याला कळत नाही. महादेवरावांना पिन पाठ होता. फक्त त्यातले काही आकडे त्यांच्यासाठी फोनवर नव्हतेच.

अशा पेशंटला आम्ही वाचायला देताना कागदाच्या उजव्या कडेला लाल रेघ ओढतो. रेघ दिसेपर्यंत नजर फिरवत न्यायची, अशी सवय लावतो. फोनवर रेघ कशी ओढणार? मी कमलाबाईंना टिकली मागितली. त्यांनी पर्समधलं पाकीट काढून दिलं. मोठी लाल टिकली निवडून मी फोनच्या उजव्या कडेला चिकटवली.

"काका," मी म्हटलं, "ही लाल टिकली दिसेपर्यंत मान फिरवा. ती दिसल्याशिवाय बटण दाबायचं नाही."

आधी दाबलेला आकडा मी पुसला. महादेवरावांनी मान हळूहळू उजवीकडे वळवली. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांची नजर एका जागी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परत टिकलीकडे पाहिलं, आणि आकडे दाबायला सुरुवात केली. एक. नऊ. परत मान वळवून टिकली शोधली. सहा. प्रवीण आता घड्याळाकडे बघत नव्हता. चौथ्या आकड्याला त्यांनी इतका वेळ लावला की स्क्रीन मंद व्हायला लागली. मी कडेला बोट लावून ती जागी ठेवली.

फोन उघडला.

मला वाटलं ते कोणाला तरी फोन लावतील. प्रवीणला वाटलं फोटो बघतील. त्यांनी तसं काही केलं नाही. घड्याळाचं चिन्ह शोधून त्यावर बोट ठेवलं. अलार्मची यादी आली. पहाटेचा एक होता, गिरणीचा असावा. त्याखाली संध्याकाळचा. त्यावर मराठीत लिहिलं होतं: कमल गोळी. सोम बुध शुक्र एक, बाकी दिवस अर्धी.

महादेवरावांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग ते बोट उचलून बायकोच्या छातीकडे केलं. "चहा," ते म्हणाले. या वेळी ओरडून नाही.

कमलाबाईंनी पदराखाली हात नेला.

"माही गोळी," त्या म्हणाल्या. "माय वो. माही गोळी राहून गेली."

प्रवीणने स्टूल ओढून आईला त्यावर बसवलं. आईच्या हृदयाचं ऑपरेशन तो बारावीत असताना नागपूरला झालं होतं. खराब झालेली झडप काढून तिथे धातूची झडप बसवली होती. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर रोज घ्यावी लागते. ती चुकली तर झडप अडकू शकते, किंवा गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते. तेव्हापासून रोज संध्याकाळी अलार्म वाजला की महादेवराव गिरणीतून उठून घरी यायचे, हात धुवायचे आणि गोळी बायकोच्या तळहातावर ठेवायचे. इतकी वर्षं.

"हे देत, मी घेत," कमलाबाई मला सांगत होत्या, जशी काही मी त्यांना जाब विचारला होता. "मले नावबी नाई ठाऊक गोळीचं. इथी आल्यापासून जेवणाची शुद्ध नव्हती, त गोळी कुठून ध्यानात राहीन?"

महादेवरावांना झटका आल्या दिवसापासून ती गोळी कोणी दिलीच नव्हती. अलार्म बंद फोनमध्ये पडून होता. नवऱ्याला ती वेळ मात्र रोज कळत होती. रोज तो सांगत होता, आणि रोज आम्ही त्याला चहा देत होतो.

मी डॉक्टरांच्या खोलीकडे गेले. वॉर्डात धावायचं नसतं, पण मी धावले. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की गोळी कोणती आणि डोस किती. गोळीचा फोटो फोनमध्ये सापडला. दुकानदाराला दाखवायला सोपं जावं म्हणून महादेवरावांनी काढून ठेवला असावा. डोस अलार्मवर लिहिलेला होताच. कमलाबाईंना वॉर्डातूनच चाकांच्या खुर्चीवर बसवून खाली नेलं. रक्त तपासायला घेतलं, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको करायला पाठवलं.

प्रवीण आईबरोबर गेला. मी महादेवरावांपाशी थांबले. माझी ड्यूटी संपली होती, पण अमरावतीची बस पकडायला पाय निघेना. सिस्टरने भरलेलं इंजेक्शन ट्रेमध्ये तसंच ठेवलं होतं. महादेवराव दाराकडे बघत पडून होते. मधेच ते माझ्याकडे बघून भुवया उंचावत. मी सांगे, तपासून राहिले काका, अजून निरोप नाही. खोटा धीर देता आला असता. पण ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी खोटं बोलू नये. त्याला उलट विचारता येत नाही.

प्रवीण वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून मला काही समजेना. तो सरळ पलंगापाशी गेला आणि वडिलांच्या डाव्या बाजूला, म्हणजे त्यांना दिसेल असा, वाकला.

"बाबा, आईचा व्हॉल्व्ह चालू आहे," तो म्हणाला. पुण्याला गेल्यापासून तो घरीही पुणेरी बोलायचा. आता त्याच्या तोंडी गावचीच बोली आली. "रक्त घट्ट व्हायले लागलं होतं. इंजेक्शन सुरू केलं. ॲडमिट करून घेतलं तिले. खालच्या मजल्यावर आहे. डॉक्टर म्हणे, वेळेवर आणलं."

महादेवरावांनी डोळे मिटले. ते झोपलेत असं मला वाटलं, पण त्यांनी मुलाचा हात सोडला नव्हता. झोपेचं इंजेक्शन त्या दिवशी लागलं नाही, नंतरही लागलं नाही.

कमलाबाई काही दिवसांनी घरी गेल्या. प्रवीणने रजा वाढवून घेतली. गोळीचा अलार्म आता तीन फोनवर लावला आहे. त्यातला एक पुण्याला वाजतो, आणि मग प्रवीण आईला फोन करतो. कमलाबाईंनी गोळीचं नाव पाठ केलं. महादेवराव अजून माझ्याकडे येतात. "कमल" म्हणता येतं, "गिरणी" अडखळत येते, आणि आकडे एकापासून मोजायला लागले की दहापर्यंत जातात. लवकर काही होत नाही या कामात.

पूर्वी नवीन पेशंट आला की मी घरच्यांना विचारायचे की ते काय काम करत होते, शिकले किती, हात कोणता वापरतात. आता आणखी एक प्रश्न विचारते: घरातलं असं कोणतं काम आहे, जे फक्त यांनाच ठाऊक होतं? बहुतेक लोक म्हणतात, तसं काही नाही. मी त्यांना म्हणते, घरी जा, एक दिवस नीट आठवा, आणि तोपर्यंत त्यांचा फोन बंद करू नका.