फळ्याच्या तळाच्या दोन ओळी

आमच्या शिरूर तालुक्यातल्या गावात पेपर सकाळच्या एसटीनं यायचे. कंडक्टर गठ्ठा खाली टाकायचा, मी तो उचलून वाचनालय उघडायची. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली, दोन बाकं आणि बाहेरच्या भिंतीवर काळा फळा. ठळक बातम्या फळ्यावर लिहिणं हे माझं काम. आत बाप्ये बसायचे. बायका आत येत नसत, पण येताजाता फळा वाचायच्या, म्हणून मी अक्षर टपोरं काढायची. तळाला चौकट आखून दोन ओळी माझं मत. ते लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. बुद्धविहारामागच्या आमच्या वस्तीतली मी पहिली बारावी पास पोरगी. मत असल्यावर ते काय पोटात ठेवायचं?

नव्वदच्या दशकात कांदा कडाडला होता, त्या सालातला तो दिवस. पेपरात नेहमीचाच तमाशा. एका बलाढ्य देशानं दुसऱ्यावर बॉम्ब टाकले होते आणि वर म्हणत होता, शांततेसाठी टाकले. आम्हाला काय खुळं समजतात का? दिल्लीत परवा एकमेकांची उणीदुणी काढणारे दोन पुढारी गळ्यात गळे घालून फोटोला उभे होते. कांदा महागला म्हणून राजधानीत धावपळ होती. तोच कांदा मातीमोल होतो तेव्हा कुणी चप्पलसुद्धा पायात घालत नाही. आणि कोपऱ्यात बारकी बातमी, कुठल्याशा थंड देशात निम्मे मंत्री बायका आहेत.

सगळं लिहून झालं आणि माझं टाळकं सटकलं. आमचंही सरपंचपद बायकांना राखीव झालं होतं, पण खुर्चीत सरपंचबाईंचे मालक बसायचे. त्यांना गाव आप्पा म्हणायचं, बाईंना काकू. मी चौकटीत लिहिलं, ‘तिकडं बायका देश चालवतात. आमच्या सरपंच तीन सभांना गैरहजर.’

तासाभरात आप्पा आले. फळा वाचला, मान वर न करता म्हणाले, पूस. मी म्हटलं, यात खोटं काय ते सांगा, लगेच पुसते. मग त्यांनी स्वतःच्या उपरण्यानं तळाच्या ओळी पुसल्या. आज चारला मासिक सभा आहे, तिथं किल्ली आणून टाक, उद्यापासून यायचं काम नाही, असं सांगून गेले. त्या किल्लीपायी घरचे मला अजून लग्नाचं विचारत नव्हते. किल्ली गेली असती तर महिन्याभरात मला उजवून मोकळे झाले असते. तरी खडू घेतला आणि त्याच दोन ओळी पुन्हा लिहिल्या, आधीपेक्षा मोठ्या.

दुपारी काकू आल्या. रानातून तशाच, पायाला माती. मला वाटलं, आप्पांना टोला हाणला म्हणून शाबासकी देतील. त्यांनी फळ्याकडं बोट केलं.

“हे कुणाला इचारून लिवलंस?”

मी हातातला खडू खाली ठेवला.

“गैरहजर व्हय? सभा हाय हेच मला कुणी सांगत न्हाई. शिपाई नोटीस यांच्या हातात देतो, हे सही करून खिशात घालत्यात. तुला साऱ्या जगाची बातमी कळती, आन् हितनं चार घरं सोडून माझ्या घरी येऊन इचारावं वाटलं न्हाई?”

थोबाडीत बसल्यागत झालं. आप्पांपुढं ताठ उभी राहिलेली मी, पण काकूंपुढं मान वर होईना. चुकलंच होतं माझं. साता समुद्रापलीकडच्या बायांचं कौतुक करताना माझ्याच गावची बाई मी न विचारता फळ्यावर टांगली होती. मी फडकं घेतलं आणि विचारलं, काकू, आज चारला सभा आहे, हे तरी ठाऊक आहे का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाल्या, लिही. आणि मी त्यांचे शब्द लिहिले, ‘सरपंचांना तीन सभांची नोटीस मिळाली नाही. आज चार वाजता सरपंच येणार.’

चारला पंचायतीच्या दारात अर्धं गाव. आप्पा खुर्चीत बसलेले. काकू आत गेल्या आणि खुर्चीशेजारी नुसत्या उभ्या राहिल्या. सदस्य टेबलाकडं बघत होते. बराच वेळ गेला. शेवटी आप्पा उठले आणि बाकावर जाऊन बसले.

कामकाज संपत आल्यावर ते बाकावरून म्हणाले, ऐनवेळचा विषय घ्या, वाचनालयाची किल्ली. मी दारात उभी होते, किल्ली मुठीत रुतत होती. काकूंनी ग्रामसेवकाला विचारलं, ऐनवेळचा विषय घ्यायला कुणाची परवानगी लागते, भाऊसाहेब? ग्रामसेवक म्हणाला, सभेच्या अध्यक्षांची, म्हणजे तुमची.

काकूंनी पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच आप्पांकडं सरळ बघितलं.

“मग परवानगी न्हाई.”