खिडकी लावून केलेला मसाला

निखाऱ्यावर कोंबडी किंवा मटण भाजायचं तर मसाला कोरडाच हवा, असं माझ्या आईचं ठाम मत होतं. दह्यात भिजवलेलं मटण भाजत नाही, नुसतं शिजतं, असं ती म्हणायची. धने, जिरे, मिरी, सुंठ, लाल मिरच्या, वाळवलेल्या लसणाच्या चकत्या, खडेमीठ, सगळं वेगवेगळं भाजायचं. खोबरं अजिबात घालायचं नाही, ते निखाऱ्यावर करपून कडू होतं. शेवटी मूठभर सुकट, म्हणजे ती वाळवलेली बारीक कोळंबी, तव्यावर कुरकुरीत करायची आणि सगळं खलबत्त्यात जाडसर कुटायचं. मिक्सरमधलं पीठ मटणाला पाणी सुटलं की ओघळून जातं, जाडसर कूट धरून राहतं. भोकरदनकडच्या आमच्या गावात मटण क्वचितच यायचं आणि आलं तरी वाट्याला एखादाच तुकडा. पण सुकटीमुळे त्या एका तुकड्यावर अख्खी भाकरी जायची.

मी शिक्षिका, नवरा एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात. आम्ही बौद्ध. नवीन जालन्यात भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा आडनाव सांगितलं की ते घर नेमकं कालच कुणाला तरी दिलेलं असायचं. तिथल्याच एका घरमालकांनी मात्र आडनाव ऐकूनही आपल्या घराच्या वरच्या मजल्याची किल्ली हातात ठेवली. ते शेतकरी घरातले, गावाकडे मोठी जमीन, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. त्या किल्लीचे उपकार आम्ही इतके मानले की घरात बोलायचंसुद्धा हळू आवाजात. सुकट भाजायची असली की मी आधी खिडकी लावायची. मुलगी तेव्हा लहान होती. दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायचं काम तिच्याकडे असे आणि ती ते मोठ्या हौसेने करी.

भाऊंच्या स्वयंपाकघरात मांसाहार चालत नसे. म्हणून गटारीला शेगडी गच्चीवर पेटायची. ती शेगडी आणि तिची भांडी वर्षभर पाण्याच्या टाकीमागे पालथी पडलेली असत. पहिल्याच वर्षी त्यांचं तिखट संपलं म्हणून मी वाटीभर मसाला दिला. भाऊंनी तो कागदावर ओतून घेतला आणि वाटी दारातच परत केली. थोड्या वेळाने जिन्यातून त्यांचा आवाज आला.

“मॅडम, तुमच्या मसाल्याला तोड न्हाई. इतके ढाबे पालथे घातले, ही चव कुठंच न्हाई घावली.”

तेव्हापासून दर गटारीचा मसाला माझ्याकडे. वर या, असं मात्र कधी कुणी म्हटलं नाही. आमचा वाटा खाली यायचा, तो कागदी प्लेटमध्ये. वर स्टीलच्या ताटांचा आवाज चाललेला असायचा. कोरड्या जिनसाला विटाळ लागत नाही, हे आमच्या आज्यांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. आणि कागदी प्लेट आमच्या घरून धुऊन परत घ्यावी लागत नाही. मला हे पहिल्या दिवसापासून कळत होतं आणि दर वर्षी तितकंच झोंबायचं.

यंदा मुलगी बारावीला आली. आषाढात भाऊ दारात उभे राहिले.

“मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. आमच्या पोरीला बघायला पाव्हणे येऊन राह्यले. तुमच्याकडं ती सुकट भाजता, सगळ्या जिन्यात वास भरतो. पाव्हण्यांना काय सांगावं मंग? महिनाभरात दुसरीकडं बघा.”

“भाऊ, पोरीची बारावी आहे. परीक्षेपर्यंत तरी राहू द्या.”

“मला बराबर समजतं, पण घरात कुणाला पटून न्हाई राह्यलं.”

दोन पायऱ्या उतरून ते थांबले. “अन् गटारीचा मसाला तेवढा विसरू नका.”

माझं डोकं सणकलं. पण शाळेतल्या आवाजात, शांतपणे सांगितलं, “भाऊ, तुम्ही म्हणता तो वास त्याच मसाल्याचा आहे. सुकट त्यातच असते.”

मला वाटलं, आता ओशाळतील, निदान मान तरी खाली घालतील. त्यांनी खरोखरच विचार केला आणि ते म्हणाले, “मंग यंदा सुकट न टाकता करा की.”

मी तसाच केला. चांगला केला तर परीक्षेपर्यंत राहू देतील, ही आशा होतीच, ती का लपवू? त्या दिवशी खिडकी सताड उघडी ठेवून मसाला भाजला. गटारीच्या संध्याकाळी कागदी प्लेट खाली आली. तिच्यामागोमाग भाऊही आले.

“मॅडम, यंदा मजा न्हाई आली.”

“तुम्ही सांगितलं तसाच केलाय.”

“व्हय, पण चव गेली की सगळी,” असं कुरकुरत ते वर गेले. परीक्षेचं नावसुद्धा काढलं नाही. प्लेट मी तशीच कचऱ्यात टाकली. महिना संपायच्या आत आम्ही सामान टेम्पोत भरलं.

आता जुन्या जालन्यात राहतो. खाली धान्याचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. मालक आमच्यातलेच. त्यांच्याकडे दर आठवड्याला बोंबील भाजतात आणि कुणी नाक मुरडत नाही. पहिल्याच रविवारी मी कोंबडी आणली, गॅलरीत शेगडी पेटवली, आत गॅसवर सगळा मसाला आईच्या पद्धतीने भाजला. शेवटी तव्यावर सुकट टाकली. मुलगी पलीकडे अभ्यास करत बसली होती. वास सुटताच ती उठली, खिडकी लावली, गॅलरीचं दार ओढून घेतलं. मग टॉवेल ओला करून जिन्याच्या दाराच्या फटीला लावायला खाली वाकली.

“अगं, इथं कशाला? इथं कोण काय म्हणणार आहे?”

“असू दे गं आई,” ती म्हणाली. “लोकांना वास येतो आपला.”

एवढं बोलून ती पुन्हा पुस्तकापाशी जाऊन बसली. टॉवेल तिने अगदी नीट बसवला होता.