आई जवळ येते का?

कारखान्याच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, त्यामुळे ध्येयावर भाषणं ठोकायचो. त्याचं ध्येय साधं होतं: नव्यानं वसणाऱ्या राजाजीनगरात खोली घ्यायची आणि गावाकडून, होसकोट्याहून, म्हाताऱ्या आईला आणायचं. कॉफी, सिनेमा, नवा शर्ट, काहीही समोर आलं की तो छातीवर हात ठेवून डोळे मिटायचा आणि स्वतःलाच विचारायचा, "यानं आई जवळ येते का?"

"काय अण्णा, काय हुकूम झाला?" मी चिडवायचो.

"सिनेमा नको म्हणे. रविवारी जादा पाळी!" तो हसायचा.

खोली मिळाली आणि त्याच आठवड्यात आई गेली.

कामावर परतला तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ती नुसतं 'स्वल्प येऊन जा रे', थोडा वेळ तरी ये, एवढंच म्हणायची. मी आपला 'आता न्यायलाच येतो' म्हणत राहिलो."

बसमधून उतरल्यावर मी म्हटलं, "चला, कॉफी घेऊ."

सवयीनं त्याचा हात छातीकडे गेला. मग त्यानं तो खाली घेतला आणि काही न विचारता माझ्याबरोबर आला.