बिनचिठ्ठीची बाटली

कपाशी बुडायची ती वर्षं. यवतमाळकडच्या आमच्या भागातून सारख्या विष प्यायल्याच्या बातम्या यायच्या. त्यामुळे कुणाला झटके आले की पहिला प्रश्न ठरलेला असे: प्यायली का? त्या प्रश्नाचा मला आजही संताप येतो.

मी तेव्हा दूरच्या शहरात भुलीच्या औषधावर संशोधन करत होते. उंदराच्या मेंदूतल्या एकाच पेशीला केसाहून बारीक तोंडाची काचेची नळी चिकटवायची आणि मेंदूतलंच शांत करणारं रसायन पेशीवर सोडायचं. पेशीची दारं उघडत, इवलासा प्रवाह वाहे, पडद्यावरची रेघ खाली जाऊन परत वर येई. भुलीचं औषध मिसळलं की दारं जास्त वेळ उघडी राहत आणि रेघ वर यायला रेंगाळे. किती रेंगाळते, ते मी मोजायचे. तिथे चिठ्ठी नसलेल्या बाटलीला कुणी हात लावत नसे.

दिवाळीला घरी गेले तर फवारणी चालू होती. दादा पाठीवर पंप घेऊन फवारायचा आणि वहिनी ड्रममध्ये दवाई ओतून कोपरापर्यंत हात घालून ढवळायची. काठीनं नीट मिसळत नाही, असं गावात सगळ्यांचंच म्हणणं. दवाई दारव्ह्याच्या बाजारातून सुटी आणलेली, मोठ्या कॅनमधून दारूच्या रिकाम्या बाटलीत ओतलेली. मी नाव विचारलं तर दादा म्हणाला, बोंडअळीची.

दुपारी वहिनी शेताच्या कडेला धुऱ्यावर कोसळली आणि तिला झटके येऊ लागले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फवारणीतलं नेहमीचंच विष धरून नेहमीचीच इंजेक्शनं सुरू केली. झटके थांबेनात. मग त्यांनी दादाला विचारलं, घरात काही भांडण झालं होतं का. दादानं मान खाली घातली. अरे, सकाळपासून ती तुझ्यासोबत शेतात होती ना! मी डॉक्टरांना सांगत होते की नेहमीच्या विषानं सुटतात तसा तिला घाम नाही, लाळ नाही, हे विष वेगळं दिसतंय. मी मोजते तीच दारं बंद करणारं. भूल देऊन झटके दाबा.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" त्यांनी विचारलं.

उंदरांची, मी म्हटलं. आवाज चढला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती.

शेवटी भूल देणाऱ्या बाई आल्या. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं, वहिनीच्या श्वासाची सोय केली आणि औषध सोडलं. वळलेल्या मुठी हळूहळू सुटल्या. पडद्यावर शेकडो वेळा पाहिलेलं ते मी पहिल्यांदाच माणसात पाहत होते.

शुद्धीवर आल्यावर वहिनीनं आधी माझा हात धरला.

"म्या नाई पेली वं बाई दवाई."

"मले माईत हाय," मी म्हणाले.

दादा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"आन् तुमाले?"

दादानं तेव्हाही मान खाली घातली.